ॲडव्हर्सेरियल हल्ला पकडणारा डिटेक्टर बनवताय? या चुका टाळा

चित्रात मुद्दाम बदल करून, बहुतेकदा डोळ्याला न दिसणारा, चित्र ओळखणाऱ्या एआय मॉडेलला चुकवणं म्हणजे ॲडव्हर्सेरियल हल्ला; असं चित्र पकडतो तो डिटेक्टर. नव्यांचा डिटेक्टर बघायला घेतला की बहुतेकदा तो फक्त एफजीएसएमवर (फास्ट ग्रेडियंट साइन मेथड) तपासलेला असतो. पांड्याच्या चित्राला मॉडेलकडून गिबन वानर ठरवून घेणारा २०१४ चा हा एका पावलाचा हल्ला कोड लिहायला सोपा, म्हणून सगळे तिथेच थांबतात. त्याचा ठसा ठळक असतो, साधं मॉडेलही तो पकडतं. पीजीडी, म्हणजे छोट्या पावलांनी पुन्हा पुन्हा केलेला हल्ला, लावल्याशिवाय अचूकतेचा आकडा सांगूच नका.

दुसरी चूक डेटा साठवण्यातली. एका टीमच्या डिटेक्टरची अचूकता जवळजवळ शंभर टक्के होती. असा आकडा दिसला की मी मॉडेलच्या आधी डेटाचं फोल्डर उघडते. सगळी चित्रं २२४ पिक्सेलला आणून साठवलेली. पण साधी चित्रं जेपीईजीत आणि हल्ल्याची पीएनजीत. हल्ल्याचा बारीक नॉइज जेपीईजीत पुसला जाऊ नये म्हणून पीएनजी घेतलं, हे बरोबरच. पण जेपीईजी ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनांत चित्र दाबतं आणि त्या चौकोनांच्या खुणा मागे राहतात. डिटेक्टर तेवढ्याच शिकला होता. हात न लावलेली चित्रं आम्ही पीएनजीत साठवून त्याला दिली, तर जवळपास प्रत्येकावर त्याने हल्ल्याचा शिक्का मारला. तोवर त्यांचा रिपोर्ट लिहून तयार होता! म्हणून साधी चित्रंही मी हल्ल्याच्याच कोडमधून काढते, फक्त एप्सिलॉन, म्हणजे बदलाची कमाल मर्यादा, शून्य ठेवून. एक दिवस जास्त जातो. जाऊ द्या.

हल्लेखोराला डिटेक्टरची माहिती नसेल, हे गृहीत धरणं सगळ्यात घातक. कार्लिनी आणि वॅग्नर या संशोधकांनी २०१७ मध्ये १० डिटेक्टर घेतले आणि लॉस फंक्शन (हल्ला जो आकडा कमी करत नेतो त्याचं सूत्र) बदलून दहाही चुकवून दाखवले. डिटेक्टरचा स्कोअर लॉसमध्ये घालून स्वतःच हल्ला करा. मी हे काम डिटेक्टर बनवणाऱ्याला देत नाही, दुसऱ्याच सहकाऱ्याला देते. आपलं काम मोडायला कोणाचा हात मनापासून चालत नाही.

ग्रेडियंट (पिक्सेल थोडा बदलला की लॉस किती बदलतो ते, हल्ला याच्याच आधारे चालतो) शून्य येतोय म्हणून मॉडेल सुरक्षित आहे असं समजू नका. बऱ्याचदा मधली एखादी राउंडिंगची पायरी ग्रेडियंट अडवत असते.

खोट्या इशाऱ्यांचा हिशोब आधी करा. रोज १ लाख साधी चित्रं येत असतील, तर १ टक्का चूक म्हणजे रोज १,००० खोटे इशारे. ते कोण तपासणार?

आणि स्टिकरचा हल्ला विसरू नका. अख्ख्या चित्रात विखुरलेला नॉइज शोधणारा डिटेक्टर कोपऱ्यात चिकटवलेला असा स्टिकर, म्हणजे पॅच, पकडेलच असं नाही. त्याची चाचणी वेगळी घ्या, तीही छापलेला पॅच कॅमेऱ्यासमोर धरून.