नागपूरच्या उन्हाळ्यात गुराबचं मॉडेल कसं बनवायचं

पायरेट म्हटलं की सगळ्यांना कॅरिबियनचा ब्लॅकबिअर्डच आठवते, पण इंग्रज तर आपल्या कान्होजी आंग्र्यांनाही पायरेटच म्हणत होते ना भाऊ, म्हणून पहिलं मॉडेल त्यांच्या आरमारातल्या गुराबचंच करा, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजाचं. स्केल १:१०० घ्या, एक मीटरला एक सेंटिमीटर, हिशोबाची कटकट नाही.

गुराबची खरी ओळख म्हणजे तिची नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक. युरोपियन जहाजासारखी उंच नाही, खाली आणि पुढे लांब निघालेली, आणि मोठ्या तोफा तिच्यावरून समोर मारा करायच्या. बहुतेक लोक इथंच चुकतात आन् मग दिसते कॅरिबियनचंच जहाज. डोलकाठ्या दोन किंवा तीन. वल्ह्यांची रांग लावू नका, ते लहान, हलक्या गलबताचं काम, त्याला चाळीस-पन्नास वल्ही असत.

बाल्साच्या (हलक्या, मऊ लाकडाच्या) पट्ट्या गरम पाण्यात भिजवून हळूहळू वाकवा आणि सुकेपर्यंत क्लिपा लावून ठेवा. मे महिन्यात कूलरसमोर बसून काम करू नका बाप्पा, ओल्या हवेनं लाकूड फुगते अन् कूलर बंद केला की आकसून सांधे उघडतात, माझं पहिलं मॉडेल असंच गेलं. शिडाचं सुती कापड कोऱ्या चहात बुडवा, मस्त जुनाट रंग येतो. दोऱ्याला मेण चोळा, म्हणजे तंतू निघत नाहीत.

आता पायरेट म्हटलं की रम आलीच, पण ती शिडं लावून झाल्यावर प्या, हात थरथरले की गाठी बसत नाहीत. ब्रिटिश नेव्हीतसुद्धा अॅडमिरल व्हर्ननने १७४० मध्ये रममध्ये पाणी घालायला लावलंच होतं, एक भाग रमला चार भाग पाणी.