पेडल मॉड करताय? आधी ती घूंऽऽ शोधा

मागच्या पावसाळ्यात ट्यूब स्क्रीमर टाइपचा ओव्हरड्राइव्ह (गिटार आणि अँपच्या मध्ये लावायचं, आवाज थोडा फाडणारं पेडल) मॉड केला, म्हणजे आतले पार्ट बदलले, चालू केला तर गिटारपेक्षा घूंऽऽच जास्त. दोन रविवार तोच कपॅसिटर काढतोय, लावतोय, आणि शेवटी कारण काय, तर पंख्याचा रेग्युलेटर! तेव्हा सोल्डरिंग आयर्न गरम करायच्या आधी नॉइज शोधा, नाहीतर जुना नॉइज कुठला आणि आपण घुसवलेला कुठला हे कळतच नाही.

पहिलं, पेडल बाजूला ठेवा आणि गिटार थेट अँपला लावा. घूं तशीच असेल तर पेडलला उगाच खोलू नका. गिटार गळ्यात घालून जागेवर गोल फिरा, आवाज कमीजास्त झाला तर पिकअप (तारांखालचं, त्यांची थरथर पकडणारं चुंबक आणि कॉइल) हवेतूनच पकडतंय, सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलचा, असेल तर हमखास. मग पंखा, एलईडी बल्ब, इन्व्हर्टर एकेक बंद करून बघा.

दुसरं, अडॅप्टर काढून ९ व्होल्टची बॅटरी लावा. आवाज गेला? मग दोष अडॅप्टरचा. आपली लाइन ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अडॅप्टरचं फिल्टरिंग कमी पडलं की १०० हर्ट्झची जाड घूं येते, आणि चार्जरसारखा हलका अडॅप्टर असेल तर बारीक चींऽऽ. स्वस्त उपाय: पॉझिटिव्ह वायरमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर आणि त्याच्या पुढे, पेडलच्या बाजूला, पॉझिटिव्ह ते ग्राउंड १०० मायक्रोफॅरॅड २५ व्होल्टचा कपॅसिटर. ओव्हरड्राइव्ह ५ मिलीअँपिअर घेत असेल तर अर्धा व्होल्टच पडतो, पण डिजिटल डिलेला (प्रतिध्वनीचं पेडल, करंट जास्त खातं) हे लावलंत तर तो उठणारच नाही. बहुतेक पेडलना सेंटर निगेटिव्ह, म्हणजे पिनच्या मध्ये निगेटिव्ह, अडॅप्टर लागतो, बाजारातले साधे अडॅप्टर बरेचदा उलटे असतात, मीटर लावून बघा. आणि घूं घालवायला प्लगची अर्थिंगची पिन कापू नका, कोणी कितीही सांगू दे.

तिसरं, आता खोला. सगळ्यात आधी फोटो काढा, मग चालू पेडलमध्ये प्लास्टिकच्या पेनाने वायरी आणि जॅक हलकेच ठोका, जिथे खर्रकन वाजेल तिथला जॉइंट बघा, राखाडी दाणेदार दिसला तर पेडल बंद करून थोडं फ्लक्स लावून परत वितळवा. नॉब फिरवताना खरखर येत असेल, आपल्याकडे पावसाळ्यात येतेच, तर पॉटमध्ये (नॉबखालचा फिरता रेझिस्टर) कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीसेक वेळा फिरवा. तरी गेली नाही तर पॉटवर कुठूनतरी डीसी येतोय, बहुतेक जवळचा कपलिंग कपॅसिटर (सिग्नल पुढे जाऊ देतो, डीसी अडवतो) लीक आहे.

एवढं झालं की मॉड. ट्यूब स्क्रीमरच्या सर्किटमध्ये ४.७ के (किलोओहम) रेझिस्टरला जोडलेला ०.०४७ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर असतो, त्यामुळे साधारण ७२० हर्ट्झच्या खाली गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) उतरत जातो. तिथे ०.१ टाकला की ही हद्द ३४० च्या आसपास येते आणि आवाज भरीव होतो. माझं पितळ इथेच उघडं पडलं, कारण खालचा गेन वाढला की घूंचाही वाढतो, रेग्युलेटर आधीपासून बोंबलत होता पण पेडल त्याला दाबून ठेवत होतं. क्लिपिंगचे, म्हणजे सिग्नलची टोकं छाटून आवाज फाडणारे, दोन डायोड काढून लाल एलईडी लावले, एक सुलटा एक उलटा, तर आवाज मोठा आणि मोकळा होतो. मला स्वतःला एक डायोड एक एलईडी आवडतो. जॉइंटवर आयर्न तीन सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, बोर्डावरची तांब्याची पट्टी उखडते.

एलईडी, रेझिस्टर नाशकात टीव्ही रिपेअरवाल्याकडेही मिळून जातात. फिल्म कपॅसिटर मिळाला नाही तर पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला अपडाउन करणारा कोणीतरी गाठा आणि लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून मागवा, दहा तरी मागवा, एक हरवतोच.

झाकण लावायच्या आधी पॉटच्या मागे इन्सुलेशन टेप मारा. एलईडी डायोडपेक्षा उंच असतात, पाय दुमडून आडवे केले नाहीत तर स्क्रू आवळताना झाकणाला टेकतात आणि पेडल गप्प.