स्वतःचं सॉफ्टवेअर ऑफिसात वापरायचं तर

आपण बनवत असलेलं सॉफ्टवेअर आधी आपल्याच ऑफिसात वापरायचं, तर सुरुवात रोजच्या एका खऱ्या कामापासून करा. कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिट या साधनाचं लेखन 3 एप्रिल 2005 ला सुरू झालं आणि 7 एप्रिलला गिटचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला. सगळं तयार होईपर्यंत थांबायची गरज नसते.

नवा बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअरची वापरायला तयार केलेली आवृत्ती, सगळ्यांना एकदम देऊ नका. तो फसला की अख्खं ऑफिस अडतं, लोक गुपचूप जुन्या साधनाकडे वळतात आणि मग त्यांना परत आणणं फार अवघड जातं. आधी ज्यांनी लिहिला ती टीम, दोन दिवस टिकला तर अकाउंट्ससारखा एखादा विभाग, आठवड्याने बाकीचे. रोलबॅक, म्हणजे जुन्या बिल्डवर परत जाणं, खऱ्या डेटावर करून बघा. नव्या बिल्डने डेटाबेसमधला कॉलम काढून टाकला असेल, तर जुना बिल्ड चालूच होत नाही. म्हणून एका रिलीजमध्ये कॉलमचा वापर थांबवा, पुढच्या रिलीजमध्ये तो काढा.

तक्रार करायला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागला तर कोणी करत नाही. बटण ॲपमध्येच हवं. बिल्ड नंबर, स्क्रीनशॉट आणि शेवटच्या पाच मिनिटांचे लॉग (ॲपने काय केलं त्याच्या नोंदी) आपोआप जोडले जावेत. माणसाने एवढंच लिहायचं, ‘सेव्ह केलं, यादीत दिसत नाही.’ स्क्रीनशॉटमध्ये पगाराचे आकडे किंवा ग्राहकांची माहिती येते, ती पाठवण्याआधी झाकता आली पाहिजे. उत्तर दुसऱ्या दिवसापर्यंत द्याच, मग ते ‘हे करणार नाही’ असं असलं तरी चालेल.

तरीही एक आंधळी जागा उरते. आपल्या लोकांकडे ॲडमिनचे हक्क असतात, मशीन वेगवान असतं आणि कुठे अडलं की कसं निसटायचं हे पाठ झालेलं असतं. त्यामुळे दर आठवड्याला एकाने नव्या ईमेलवर साधं, रिकामं खातं उघडून पहिल्या पायरीपासून काम करावं. साइन-अपमधले दोष बहुतेक इथेच सापडतात.

सगळ्यात महाग पडते ती गोल फिरणारी अवलंबिता, म्हणजे बिघाड कळवायचं किंवा दुरुस्त करायचं साधनच बिघडलेल्या गोष्टीवर चालणं. 28 फेब्रुवारी 2017 ला ॲमेझॉनची डेटा साठवणारी एस-3 सेवा कोलमडली, तेव्हा सेवांची स्थिती दाखवणारं पानही एस-3 वरच अवलंबून असल्यामुळे काही काळ अपडेट करता आलं नाही. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक बंद पडलं, तेव्हा दुरुस्तीसाठी लागणारी अंतर्गत साधनंही त्यासोबत गेली. तेव्हा अलर्ट, स्टेटस पेज आणि आणीबाणीतला चॅट स्वतःच्या उत्पादनावर ठेवू नका. फोन नंबरांची यादी कागदावर छापून ठेवा आणि तीन महिन्यांतून एकदा उत्पादन बंद आहे असं धरून तालीम करा.