गाडीसाठी पहिलं टूलकिट घेताय? पीस मोजायच्या आधी स्वतःच्या गाडीचे नट मोजा, आणि या चुका टाळा

कासेगावच्या अलीकडं हायवेला मागचं चाक पंक्चर झालं तेव्हा माझ्या डिकीत ४६ पीसचा नवाकोरा टूल बॉक्स होता आणि तरीसुद्धा चाक निघालं नाही. गाडी सेकंड हँड वॅगनार, जॅक होता, स्टेपनीत हवा होती, पण कंपनीचा व्हील पाना आधीच्या मालकाकडंच राहिलेला आणि मी घेताना बघितलंच नव्हतं. बॉक्स उघडला तर त्यात सगळ्यात मोठी गोटी (नटावर बसणारा सॉकेट) १४ एमएमची, आणि चाकाचा नट १९ चा. बायको पोरं गाडीत, बाजूनं ट्रक जातायत, अंधार पडायला आलेला. शेवटी एक टेंपोवाला दादा थांबला, त्याच्याकडं चार तोंडांचा फुलीसारखा पाना होता, त्यानं पाच मिनिटांत काम केलं आणि चहाला पण थांबला नाही.

त्यानंतर विश्रामबागेतले, मिरजेतले, साताऱ्यातले बरेच मित्र विचारत असतात की घरी गाडीचं थोडंफार काम करायचंय, कुठला सेट घेऊ. आणि बहुतेक जण तीच चूक करायला निघालेले असतात म्हणून हे सगळं एकदाच लिहून ठेवतोय.

पीसच्या आकड्याला भुलू नका

४६ पीस, ८२ पीस, १०८ पीस असं डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं आणि वाटतं की आता सगळंच आलं. डबा उघडून मोजा. माझ्या ४६ मध्ये गोट्या फक्त १३ होत्या, ४ एमएम पासून १४ पर्यंत, बाकी निम्म्याच्या वर स्क्रूच्या बिटा. त्यातल्या साडेचारची गोटी मला अजूनपर्यंत एकदाही लागली नाही. आणि हा सगळा सेट पाव इंची ड्राइव्हचा (गोटी ज्याच्यावर बसते तो चौकोन पाव इंचाचा), म्हणजे रॅचेट, गोटी फिरवायचा दातेवाला दांडा, बोटाएवढा, त्यानं बॅटरीचं टर्मिनल, एअर फिल्टरचा डबा, बंपरचे छोटे बोल्ट एवढं छान होतं, त्याच्या पुढं जोर लावला की आतले दातेच जातात.

आमच्याकडं किर्लोस्करवाडी, कुपवाड, माधवनगर या पट्ट्यात ज्यांच्या घरात कुणी फिटर टर्नर होतं त्यांना सुताची भाषा ठाऊक असेल. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तर रॅचेटचे चौकोन तीन मापांचे: दोन सूत म्हणजे पाव इंच, तीन सूत, आणि चार सूत म्हणजे अर्धा इंच. इंजिनभोवतीच्या कामाला तीन सुताचा सगळ्यात बरा, हातात बसतो आणि पुरेसा दम पण असतो. चाकांना, सस्पेन्शनला अर्धा इंच. गंमत म्हणजे इथल्या हार्डवेअरच्या दुकानात पाव आणि अर्धा समोरच टांगलेले दिसतात आणि तीन सुताचा मुद्दाम मागावा लागतो, तेव्हा मागा, नसला तर मागवून घ्या, पण घाईनं पाव इंची घेऊन येऊ नका.

आधी रविवारी सकाळी बोनेट उघडा

दुकानात जायच्या आधी एक वही घ्या, ओळखीच्या मिस्त्रींकडून दोन तासांसाठी पाने मागून आणा आणि गाडीला काय काय लागतंय ते लिहून काढा. मारुती, होंडा, टोयोटा, ह्युंदाईला मुख्यतः ८, १०, १२, १४, १७ एवढ्यात बरंचसं काम होतं. चाकाला मारुतीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना १९, ह्युंदाई आणि टोयोटाला बहुतेक २१. टाटा, महिंद्राला १३ चा पाना सारखा लागतो, जो मारुतीवाल्याच्या किटमध्ये पडून असतो. पोलो, रॅपिड असल्या गाड्या असतील तर १३, १६, १८ आणि त्याशिवाय चांदणीसारख्या तोंडाचे टॉर्क्स बिट पाहिजेतच, तिथं चाकाला नट नसून बोल्ट असतो आणि तो १७ चा. म्हणजे एकाच गल्लीत उभ्या असलेल्या तीन गाड्यांना तीन वेगळी किट लागतील, मग दुकानदार सगळ्यांना एकच डबा कसा काय देतो हे तुम्हीच बघा.

अलॉय व्हील असेल तर अजून एक गोष्ट बघा. नट खोल खड्ड्यात असतो आणि जाड तोंडाचा पाना आत शिरतच नाही, त्याला पातळ भिंतीची लांब गोटी लागते. हे रस्त्यावर कळण्यापेक्षा घराच्या दारात कळलेलं बरं.

इंचाचे आणि एमएमचे पाने एकत्र

घरात जुनी पेटी असते, आजोबांची, काकांची, त्यात चांगल्या जुन्या लोखंडाचे पाने असतात आणि आपण तेच वापरायला घेतो. भावना बरोबर आहे पण तोंडावरचा आकडा वाचा. अर्धा इंच म्हणजे १२.७ एमएम. तो १२ च्या नटावर बसल्यासारखा वाटतो, हलतो थोडा, आणि जोर लावला की नटाचे कोपरे गोल. ३/४ इंच म्हणजे १९.०५, तो १९ ला बिनधास्त चालतो. ५/१६ म्हणजे ७.९४, तो ८ ला घट्ट बसतो किंवा बसतच नाही. जुन्या जीपला इंची पाने लागायचे, आजच्या सगळ्या गाड्यांना एमएम. ॲडजस्टेबल पाना पण गाडीच्या कामातून बाजूलाच ठेवा, नळाच्या कामाला ठीक आहे.

नट गोल झाला, आता काय

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या शेजारच्या काकांची गाडी पाण्यात उभी होती, इंजिनचं काम झालं, गाडी चालू पण झाली, पण खालचे बोल्ट गंजले ते गंजलेच. दोन वर्षांनी सायलेन्सरचा क्लँप काढायला गेलो तर पहिल्याच झटक्यात पाना घसरला. दोष गंजाचा होता तेवढाच पान्याचा पण होता, कारण आम्ही बारा कोपऱ्यांची गोटी लावलेली. बारा कोपऱ्यांची गोटी नटाला टोकांवर धरते, सहा कोपऱ्यांची सपाट बाजूवर धरते. त्यामुळं पहिला सेट घेताना गोटीच्या आत वाकून बघा, सहा कोपरेच घ्या.

गंजलेल्या नटावर आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, सकाळी परत मारा, ब्रशनं आट्यांवरची माती काढा, हातोडीनं नटाच्या डोक्यावर चार हलके ठोके द्या, आणि सोडवायच्या आधी अगदी थोडा टाईटच्या बाजूला हलवून बघा, गंज तुटल्याचा बारीक आवाज येतो मग उलटा फिरवा. तरी गोल झालाच तर एक नंबर लहान गोटी हातोडीनं ठोकून बसवा किंवा लॉकिंग पक्कडीनं आवळून धरा. डिझेल पेट्रोलच्या पाईपजवळ गॅसची ज्योत लावायचं घरी करू नका, ते काम गॅरेजवाल्याकडंच द्या.

आणि रॅचेटला पाईप घालून सोडवू नका. रॅचेट हे पटपट फिरवायसाठी आहे, पहिला कडक नट मोडायसाठी नाही. त्याच्यासाठी अर्धा इंची चौकोनाचा लांब साधा दांडा वेगळा घ्या, दीड दोन फुटांचा. मी सुरुवातीला हा दांडा अनावश्यक समजून टाळला आणि रॅचेटचे दाते घालवले. आज किटमध्ये सगळ्यात जास्त विश्वास त्या दांड्यावर आहे.

जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नका

हे वाचून बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल. गाडीबरोबर येणारा कात्रीसारखा जॅक हा चाक बदलायसाठी आहे, तेवढाच. त्याच्यावर गाडी उचलून खाली झोपून तेल सोडणं, ब्रेक बघणं हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि दरवेळी पोटात गोळा आलाय. आपल्या सांगली साताऱ्याच्या भागात काळी माती, पावसाळ्यात वरून कोरडी दिसते आणि आतून मऊ असते, जॅकचा पाय हळूहळू आत जातो आणि गाडी एका बाजूला कलते. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक लावून पण जाऊ नका, ते खाली हळू बसत नाहीत, एकदम फुटतात.

दोन जॅक स्टँड घ्या, म्हणजे उचललेली गाडी टेकवून ठेवायचे लोखंडी पाय, २ किंवा ३ टनांचे. दुसऱ्या सगळ्या टूलवर पैसे कमी करा, पण हे घ्या. फरशीवर किंवा काँक्रीटवरच काम करा, मातीवर नाइलाज असेल तर जॅकखाली आणि स्टँडखाली जाड फळी टाका. हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, उचललेल्या बाजूच्या विरुद्ध टोकाच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. जॅक कुठं लावायचा त्या जागा मॅन्युअलमध्ये चित्रासकट दिलेल्या असतात, दरवाजाच्या खालच्या पट्टीला खाचा असतात तिथं. स्टँडवर गाडी ठेवली की खाली जायच्या आधी एकदा हातानं हलवून बघा.

जोरानं आवळलं म्हणजे पक्कं झालं, असं नाही

ऑइल चेंजच्या पहिल्याच वेळी मी ड्रेन बोल्ट (तेल सोडायचा खालचा बोल्ट) दम लावून आवळला, गळू नये म्हणून. पुढच्या वेळी तो निघताना आटे घेऊनच निघाला. छोट्या मारुतीच्या चाकाचा टॉर्क, म्हणजे नट आवळायचा जोर, ८५ न्यूटन मीटरच्या आसपास असतो, म्हणजे फूटभर दांड्याच्या टोकाला साधारण २८ किलो जोर. आपण पायानं उभं राहून दाबतो तेव्हा त्याच्या दुप्पट पण सहज जातो. ड्रेन बोल्ट त्याच्या निम्म्यापेक्षा कमी, ३५ च्या आसपास. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमधूनच घ्या.

टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळायचा पाना, पहिल्या दिवशी नाही घेतला तरी चालेल, पण चाकं स्वतः काढायला लागलात की घ्या, अर्धा इंची, क्लिक आवाजवाला. त्यानं नट सोडवू नका, फक्त आवळा, आणि काम झालं की सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा. चाकाचे नट समोरासमोर आवळा आणि ५० एक किलोमीटर चालवून परत एकदा तपासा.

बॅटरीचं थोडक्यात: काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. पॉझिटिव्ह सोडताना पाना बॉडीला लागला आणि निगेटिव्ह जोडलेलीच असेल तर पाना तिथं वेल्ड होतो. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा. साधा मल्टिमीटर घ्याच, गाडी रात्रभर उभी असताना १२.६ च्या आसपास आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले की चार्जिंग ठीक आहे, निदान बॅटरी बदलायच्या आधी हे बघून घ्या.

मग घ्यायचं काय

माझं मत असं, एकदम सगळं घेऊ नका. पहिल्या खेपेला स्टँडची जोडी, तीन सुताचा रॅचेट एका एक्स्टेन्शनसकट, ८ ते १९ मधल्या तुमच्या वहीत आलेल्या सहा कोपऱ्यांच्या गोट्या सुट्या, एका बाजूला रिंग एका बाजूला फिक्स असे १०, १२, १४, १७ चे पाने, अर्ध्या इंचाचा लांब दांडा आणि चाकाची गोटी, दोन नंबरचा चौफुली स्क्रू ड्रायव्हर आणि एक चपटा, पक्कड, नोज प्लायर, मल्टिमीटर, हवेचा गेज, डोक्याला लावायचा टॉर्च. तापरियासारखे आपल्या नाशिकच्या कंपनीचे पाने सुटे मिळतात आणि घरच्या वापराला वर्षानुवर्षं टिकतात. १० ची गोटी दोन घ्या, एक इंजिनमध्ये पडून हरवतेच. बाकीचं काम निघेल तसं वाढवत जा.

आणि आणलं की त्याच दिवशी दारात उभ्या गाडीचं एक चाक स्वतःच्या पान्यानं काढून परत लावून बघा. नट गॅरेजमध्ये एअर गननं किती कडक आवळलेत ते तेव्हाच कळतं. माझ्या डिकीत आता १९ ची लांब गोटी आणि तो दांडा रेक्झिनच्या तुकड्यात गुंडाळून स्टेपनीच्या खोबणीत कायम असतो, घरचं काम असलं तरी तो जोड मी तिथून काढत नाही, घरासाठी दुसरा घेतलाय.