व्हाळातलं नायट्रेट मोजायला निघालात तर

गोव्यातल्या नेत्रावळी अभयारण्यातल्या व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी पहिल्यांदा बाटलीत भरलं, तेव्हा ते इतकं नितळ होतं की यात मोजायचं काय, असंच वाटलं. एमएस्सीच्या प्रबंधाला मी नायट्रेट, म्हणजे नायट्रोजन आणि ऑक्सिजन मिळून झालेला पाण्यात विरघळणारा घटक, हा विषय घेतला होता. अभयारण्याच्या आत गावं आहेत, कुळागरं (सुपारीच्या बागा) आहेत, आणि पाटाचं पाणी सुपारीखालून फिरून पुन्हा व्हाळाला मिळतं. खताचा आणि शेणाचा अंश त्यासोबत किती येतो, हे मला पाहायचं होतं.

पहिल्या खेपेचे सगळे नमुने वाया गेले. बाटल्या मी नायट्रिक आम्लाने धुतल्या होत्या. शिसं, कॅडमियम तपासायचं असेल तर तसंच धुतात, आणि मला तेवढंच माहीत होतं. पण नायट्रिक आम्ल म्हणजे नायट्रेटच. सोबत नेलेल्या डिस्टिल्ड पाण्याच्या कोऱ्या नमुन्यात, जिथे नायट्रेट नसायलाच हवं, व्हाळापेक्षा मोठा आकडा आला, तेव्हा कुठे उलगडा झाला. तो कोरा नमुना नसता तर मी तेच आकडे प्रबंधात लिहिले असते. म्हणून बाटल्या हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवा, आणि कोरा नमुना घेतल्याशिवाय घराबाहेर पडू नका. दाट जंगलातल्या पाण्यात नायट्रेट बहुधा लिटरमागे एखाद-दुसरा मिलिग्रॅम, कित्येकदा त्याहून कमी असतं. इतक्या लहान आकड्यात हाताची एवढीशी चूकही पाण्याचा गुण ठरून बसते.

एककाचा घोळही वेळीच समजून घ्या. आयएस १०५०० या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, अमेरिकेत १०. पण ४५ हे अख्ख्या नायट्रेटचं वजन, १० हे त्यातल्या फक्त नायट्रोजनचं. ४.४३ ने गुणलं की दोन्ही जवळपास एकच. अहवालात कोणतं वजन आहे हे लिहिलेलं नसेल तर तो आकडा वापरूच नका.

आणि ४५ च्या आत आहे म्हणजे व्हाळ निरोगी, असंही नव्हे. ती मर्यादा माणसाच्या पिण्यासाठी आहे. अमेरिकेतल्या रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात लॉक व्हेल नावाचं उंचावरचं पाणलोट क्षेत्र आहे. तिथे १९८० च्या दशकापासून मोजणी चालू आहे. तिथे ना शेत, ना वस्ती. तरी पायथ्याकडची शेती, गोठे आणि वाहनं यांचा नायट्रोजन हवेतून येतो, बर्फात साठतो आणि बर्फ वितळायला लागलं की ओढ्यात उतरतो. पिण्याच्या मर्यादेच्या कितीतरी खालचे ते आकडे तिथल्या शेवाळांना आणि वनस्पतींना बदलायला पुरले. संरक्षित पाण्याची तुलना त्याच्याच जुन्या नोंदींशी करायची, हे मी तिथून शिकले.

आपल्याकडे बर्फ नाही, पण जूनचा पहिला पाऊस आहे. उन्हाळाभर मातीत साठलेलं नायट्रेट त्या पाण्याबरोबर वाहून येतं. तो दिवस चुकला तर वर्षाचा महत्त्वाचा आकडा हुकतो. तेव्हाच पालापाचोळ्यामुळे पाणी चहासारखं होतं, आणि पाणी किती अतिनील किरण शोषतं यावरून नायट्रेट मोजायच्या पद्धतीत तो रंग नायट्रेटच असल्यासारखा दिसतो. ती भर काढायला २२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या वाचनातून २७५ च्या वाचनाची दुप्पट वजा करतात, पण ही वजाबाकी २२० च्या वाचनाच्या दहा टक्क्यांवर गेली तर निकालावर भिस्त ठेवू नका. कॅडमियमने नायट्रेटचं नायट्राइट करून गुलाबी रंगावर मोजायची पद्धत किचकट आहे, तरी पावसाळ्यात मी तीच धरते.

नमुना जागेवरच गाळा, बर्फाच्या पेटीत ठेवा, ४८ तासांत तपासा. कुळागराच्या वर एक आणि खाली एक, अशा जोडीनेच घ्या, आणि प्रवाह किती होता तेही लिहा. नाहीतर आकडा पाणी वाढल्यामुळे उतरला की खत कमी झाल्यामुळे, हे कळणार नाही. अभयारण्यात संशोधनासाठी मुख्य वन्यजीव वॉर्डनची परवानगी लागते. जूनचा पहिला पाऊस हवा असेल तर अर्ज फेब्रुवारीतच द्या.