कुटुंबाच्या इतिहासाचा शोध: सुरुवात कुठून करावी?

कुटुंबाचा इतिहास शोधायचा म्हटले की अनेकांचे लक्ष आधी एखाद्या नामांकित पूर्वजाकडे जाते आणि तिथून आपल्यापर्यंत धागा जुळवण्याची खटपट सुरू होते. ही दिशा उलटी आहे. सुरुवात स्वतःपासून करावी आणि एका पिढीची नावे, तारखा व ठिकाणे पुराव्यानिशी पक्की झाल्याशिवाय मागच्या पिढीकडे वळू नये; कारण केवळ आडनाव जुळले म्हणून चुकीचा खापरपणजोबा वंशवृक्षात शिरला, तर त्याच्यामागची सगळी शाखाच परक्या घराण्याची ठरते.

दफ्तरे चाळण्याआधी वडीलधाऱ्यांशी बोलावे, कारण कागद बहुधा वाट पाहतात, आठवणी पाहत नाहीत. ‘तुमच्या आजोबांचा जन्म कधीचा?’ या प्रश्नाला सहसा ‘आठवत नाही’ असेच उत्तर मिळते. त्याऐवजी ‘तुमच्या लग्नाला आजोबा होते का, तेव्हा ते काठी टेकत चालत का?’ असे विचारले, तर वयाचा आणि मृत्यूच्या काळाचा अंदाज बांधता येतो. जुने छायाचित्र हातात देऊन डावीकडून एकेका व्यक्तीचे नाव विचारावे आणि मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का किंवा हस्ताक्षर आहे का, तेही पाहावे. संमती घेऊन हे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. स्त्रियांची माहेरची नावे तर आवर्जून विचारावीत. ती वगळली की निम्मे पूर्वज हातचे जातात.

पूर्वजांना क्रमांक देण्याची एक सोपी पद्धत आहे: स्वतःला १, वडिलांना २, आईला ३, आणि पुढे कोणाच्याही क्रमांकाची दुप्पट म्हणजे त्याचे वडील, दुपटीत एक मिळवला की आई. आईवडिलांची पिढी पहिली धरली, तर दहाव्या पिढीत १०२४ जागा होतात, त्यामुळे आरंभी एखादीच शाखा निवडणे शहाणपणाचे.

जन्म, विवाह व मृत्यूच्या नोंदी, शाळेचे दाखले, जमिनीचे कागद आणि जनगणना हे मुख्य पुरावे होत. प्रत्येक माहितीपुढे ती कुठून मिळाली हे त्याच वेळी लिहावे आणि ती कोणी, घटनेनंतर किती काळाने सांगितली, हे तपासावे. मृत्यूच्या दाखल्यातील मृत्यूची तारीख सहसा विश्वसनीय असते, पण त्यातीलच वय एखाद्या नातेवाइकाने अंदाजाने सांगितलेले असू शकते. कालगणनेचेही भान हवे: इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून तिथल्या कागदावरचा जानेवारी १७४० आपल्या हिशेबाने १७४१ मधला असतो.

डीएनए चाचणी नाते जुळवायला मदत करते, मात्र पूर्वजांची नावे सांगत नाही. सख्ख्या चुलत भावंडांत सरासरी १२.५ टक्के डीएनए समान असतो, त्याहून दूरच्या नात्यांत अंदाज धूसर होत जातो. हयात व्यक्तींचा तपशील त्यांच्या संमतीशिवाय इंटरनेटवरच्या वंशवृक्षात घालू नये.