मृगाच्या तोंडावर विहीर-बोअरचं पाणी: जड वेगळं, दूषित वेगळं

मे सरत आला की बोअर खोल जातो आणि उरलेल्या पाण्यात बहुतेक ठिकाणी क्षार वाढतात. तुरीची डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ठिबकच्या ड्रिपरच्या (थेंब सोडणाऱ्या तोटीच्या) तोंडाशी पांढरा थर चढतो. मग गावात हमखास सल्ला मिळतो, 'टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका.' टीसीएलने जंतू मरतात, जडपणा तिळभरही कमी होत नाही. तुरटीनेही नाही, तिने फक्त गाळ बसतो.

पावसाचं पाणी मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं आणि काळ्या पाषाणातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम बायकार्बोनेटच्या रूपात सोबत नेतं. तेच पाणी तापलं की वायू उडून जातो आणि चुनखडी मागे राहते. चहाच्या पातेल्यात हेच घडतं, उन्हात पडलेल्या लॅटरलमध्येही (ठिबकच्या नळीतही) हेच.

म्हणून पावसाळी लागवडीआधी ठिबक धुऊन घ्या. एक बंद पडलेला ड्रिपर उघडून थरावर आम्लाचा थेंब टाका. फसफसलं तर चुनखडी. बुळबुळीत हिरवट असेल तर शेवाळ, त्याला क्लोरीन लागतं. चुनखडीसाठी आधी बादलीभर पाण्यात थोडं थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल मोजून घालत पीएच पट्टीवर सामू (पीएच) ४ च्या आसपास येतो का पाहा. त्याच प्रमाणात व्हेंच्युरीतून (ठिबकमध्ये खत सोडायच्या जोडणीतून) सोडा, रात्रभर नळ्यांत राहू द्या, सकाळी नळीच्या टोकाची एंड कॅप काढून पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्या. आम्ल पाण्यात ओतायचं, आम्लात पाणी कधीच नाही. आणि आम्ल व क्लोरीन एकत्र आले तर विषारी वायू होतो, त्यामुळे दोन्ही प्रक्रिया एका दिवशी करू नका.

फवारणीतही जडपणा नडतो. २,४-डी या तणनाशकाच्या अमाइन क्षाराचा जड पाण्यात साका होतो आणि नोझल तुंबतं. दोष औषधाला दिला जातो. शेततळ्यात साठवलेलं पावसाचं पाणी फवारणीसाठी राखून ठेवावं, हे माझं ठाम मत.

जमिनीच्या बाबतीत मात्र जड पाण्याची उगाच बदनामी होते. कॅल्शियम काळ्या मातीला भुसभुशीत ठेवतं. तिला चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारी, करतो तो सोडियम. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्याचं मूळ दुखणं हेच. तिथे साबणाचा फेस पाहून पाण्याची पारख करू नका. सिंचनाचं पाणी तपासताना क्षारतेबरोबर 'आरएससी' (कॅल्शियम-मॅग्नेशियमला पुरून उरलेलं कार्बोनेट-बायकार्बोनेट, लिटरला मिलिइक्विव्हॅलंटमध्ये) मागून घ्या: १.२५ पर्यंत ठीक, २.५ च्या वर पाणी द्यायचं नाही. मिठावर चालणाऱ्या सॉफ्टनरचं पाणीही पिकाला नको, त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियमच येतो.

आता पिण्याचं. भारतीय मानकात जडपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम, दुसरी सोय नसेल तर ६००. चव मचूळ लागेल, पण नुसत्या जडपणाने माणूस आजारी पडत नाही. आजारी पाडतं ते पहिल्या पावसात विहिरीत उतरणारं उकिरड्याचं, गोठ्याचं पाणी, मग ते कितीही नितळ दिसो. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ते साधारण ८५ हजार लिटर. हजार लिटरला पाच ग्रॅमप्रमाणे सव्वाचारशे ग्रॅम ताजं टीसीएल बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि फक्त वरची निवळ विहिरीत सोडा. तासभर उपसा नको. पावडरीचा डबा उघडा राहिलेला असेल तर तिच्यावर भरवसा ठेवू नका, क्लोरीन उडून गेलेलं असतं.

नायट्रेट मात्र टीसीएलनेही जात नाही आणि उकळल्याने उलट दाट होतं. युरिया भरपूर पडणाऱ्या शिवारातल्या विहिरीचं पाणी तपासून घ्या. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर निघालं तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या वरच्या दुधाला ते पाणी वापरू नका.